सव्वीस दिवसांचं गाठोडं

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका बसू देऊ. माझ्या स्वतःच्या डोक्यावर ते गुजरलं नसतं तर माझाही बसला नसता. सन एकसष्टच्या हिवाळ्यात, चेकोस्लोव्हाकिया नावाच्या देशात, ब्रनो नावाच्या शहरात, मी सलग सव्वीस दिवस डोक्यावर गाठोडं घेऊन राहिलो. जेवलो तेव्हा गाठोडं डोक्यावर. झोपलो तेव्हा डोक्यावर. कारखान्यात अख्खा ट्रॅक्टर खोलला आणि परत जोडला, तेव्हाही डोक्यावरच.

“अन् आंघोळ, काका?” पूनमसिंगानं विचारलं. हा आमच्या शेजारचा. याला कोणत्याही गोष्टीत आधी आंघोळच दिसते, स्वतः कधी करत नाही म्हणून.

“मानेखालची रोज. मानेवरची सव्विसाव्या दिवशी.”

आम्ही आमच्या ओसरीत बसलो होतो. कापसाचा शेवटचा वेचा होऊन गेलेला, त्यामुळे दुपार मोकळी होती. धनीबाई, म्हणजे माझी बायको, खांबाला टेकून नातीच्या कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे टाकत होती. ती ऐकते आहे असं कधी वाटत नाही. पण ऐकते.

तर ऐका. आमचा तांडा बाभुळगावाहून दोन कोस. तेव्हा नायक होता गुलाबसिंग. तांड्यात नायकाच्या शब्दाबाहेर पानसुद्धा हलत नसे, आणि या गुलाबसिंगाची लेक धनी, तिच्याशी माझी सगाई झालेली. लग्न पुढल्या उन्हाळ्यात. तेवढ्यात सरकारची चिठ्ठी आली. त्या देशातून आपल्याकडे ट्रॅक्टर येणार होते आणि ते बिघडले तर दुरुस्त करायला इथं माणूस नव्हता. म्हणून जिल्ह्यातून दोन माणसं वर्षभर तिकडं पाठवायची ठरली, एक शिकलेला आणि एक काळ्या हातांचा. शिकलेला सापडला राळेगावाकडचा वामनराव. चाळीस एकर कापूस, नागपूरच्या शेतकी कॉलेजात शिकलेला, इंग्रजी अशी बोलायचा की कलेक्टरनं ऐकत राहावं. काळ्या हातांचा मी. बाभुळगावच्या जिनातलं तेलइंजिन मी कान लावून दुरुस्त करायचो. कुठं दुखतं ते इंजिन मला स्वतःच सांगायचं, आणि बोलायचंही शुद्ध गोरबोलीत, आमच्या बंजाऱ्यांच्या बोलीत.

निघायच्या आदल्या दिवशी नायकानं मला बोलावलं. खाटेवर बसून म्हणाला, “देवसिंग, आपल्या बापजाद्यांनी बैलांवर माल लादून सारा मुलूख पालथा घातला. आपली लदेणी अर्ध्या वाटेतून कधी परतली नाही. तू वर्षाचं बोलून जाऊन राह्यला. वर्ष भरून ये. एक दिवस आधी आला तं धनी तुह्या घरी येणार नाही. तिले मी दुसरीकडं देईन.”

मी मान हलवली.

“अन् दुसरी गोष्ट,” नायक म्हणाला. “परक्या गावात गेला की त्या गावच्या नायकाच्या शब्दाबिगर आपलं ओझं भुईवर टेकवाचं नाही. आपला कायदा हाय.”

इथं धनीबाईची सुई जरा थांबली. आरसा नीट बसत नसेल.

आता गाठोड्यात काय होतं ते सांगतो. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, शिवलेली गोधडी. त्या गोधडीत दोन पायल्या जवारीचं पीठ, शेरभर तुरीची डाळ, तिखट, लसणाची चटणी, एक लोटा आणि एक तवा. मुंबईपर्यंत आगगाडी, पुढं अठरा दिवस बोट, पुन्हा दोन दिवस आगगाडी.

“तेवढे दिवस पण डोक्यावरच?” पूनमसिंग म्हणाला.

“बोट म्हणजे भुई नव्हे. आगगाडी म्हणजे भुई नव्हे. कायदा भुईचा होता.”

“व्वा! म्हणजे सवलत होती.”

“होती.”

ब्रनोच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा बर्फ पडत होतं. मी वामनरावाला म्हटलं, “इथं कापूस कोणी पिंजून राह्यलं?” कारखान्याचा एक माणूस आम्हाला न्यायला आला होता. त्यानं आम्हाला ट्रामगाडीतून एका चार मजली इमारतीत नेलं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन पलंग, एक खिडकी, आणि भिंतीला लोखंडी शेगडीसारखं काहीतरी, त्यात विस्तव नव्हता तरी ते तापायचं. वामनरावानं पाच मिनिटांत बिऱ्हाड लावलं. कपडे कपाटात, साबण खिडकीत, आईवडिलांचा फोटो उशाशी. मग मागं वळून पाहतो तर मी दारात तसाच, डोक्यावर गाठोडं.

“अबे, ठेव ना खाली!”

“इथला नायक कोण हाय?”

“इथं कायचा नायक! हे कम्युनिस्ट लोक हायेत.”

“असतीन. पण त्यायचा कोणी नायक असंन ना? तो म्हणंन, मंग ठेवतो.”

वामनराव कपाळाला हात लावून पलंगावर बसला. शिकलेला माणूस होता, त्याला वाटलं सकाळपर्यंत माझी मान दुखेल आणि कायदा उतरेल. त्याला तांड्याची मान माहीत नव्हती. मी भिंतीला टेकून बसलो, गाठोडं भिंत आणि डोकं यांच्यामध्ये नीट बसवलं आणि घोरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी कामावर निघालो. ट्रामच्या कंडक्टरनं माझ्याकडं पाहिलं, गाठोड्याकडं पाहिलं आणि दोन तिकिटं फाडली. आठ दिवसांनी तर एक म्हातारा उठून उभा राहिला आणि गाठोड्याला बसायला जागा दिली. मी हात जोडून सांगितलं, नको, ते उभंच बरं आहे.

आणखी एक झालं. तिथं बाईमाणसाला मानानं ‘पानी’ म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं. मला काय माहीत! जिकडंतिकडं लोक पानी, पानी करत होते. मी म्हटलं, एवढं बर्फ पडून राह्यलं तरी हे लोक तहानलेले! पहिले दोन दिवस मी दिसेल त्या बाईपुढं लोटाभर पाणी धरत होतो. बायका बिचाऱ्या चांगल्या. पिऊन घ्यायच्या.

कारखान्यात काम जोरात होतं. एकीकडून लोखंडाचा तुकडा आत जायचा, दुसरीकडून ट्रॅक्टर फुरफुरत बाहेर यायचा. मी एका इंजिनाला कान लावला. इंजिन बोललं, पण चेक भाषेत. मी कान काढून घेतला. घरून निघाल्यावर मी बोट पाहिली, समुद्र पाहिला, बर्फ पाहिलं, काही वाटलं नव्हतं. पण इंजिन परकं बोललं तेव्हा वाटलं, आपण लय दूर आलो लेका.

खाणं म्हणाल तर वाफवलेल्या कणकेचे गोळे. आपल्या रोडग्यासारखे, पण रोडग्यातला सारा जीव काढून घेतलेला. वर एक रस्सा, त्यात तिखट नावालाही नाही. चार वाजता दिवस मावळायचा. चार वाजता! आपल्याकडं त्या वेळेला बाया शेतातून घरीसुद्धा येत नाहीत. मी गाठोड्यातून चिमूटभर तिखट काढून त्या गोळ्यावर टाकायचो.

“डोक्यावरच्या गाठोड्यातून?” पूनमसिंग.

“वामनराव काढून द्यायचा. पलंगावर उभा राहून.”

आता पुढचं ऐका, हे ब्रनोच्या लोकांनाही माहीत आहे. मला रोज पाहून पाहून तिथल्या बायकांनी बाजारच्या पिशव्या डोक्यावर घ्यायला सुरुवात केली. दहा-बारा दिवसांत फॅशनच पडली. एक टोपीवाला माझ्याकडं रडत आला, म्हणाला, भाऊ, तुझ्यापायी माझी एक टोपी खपत नाही. आणि पंधराव्या दिवशी, जवारीचा वास लागून असेल, कबुतरांच्या एका जोडीनं गाठोड्यावर घरटं केलं. मला भारी राग आला. मी सव्वीस सव्वीस दिवस कायदा पाळून बसलो होतो आणि या दोघांनी नायकाला न विचारता सरळ बिऱ्हाड थाटलं!

“काका, पंधरावाच दिवस होता ना?”

“मग? पुढचे अकरा मनात धरले होते.”

नायकाचा शोध मात्र चालूच होता. वामनराव मला आधी कारखान्याच्या मोठ्या साहेबाकडं घेऊन गेला. खोली केवढी, टेबलावर दोन टेलिफोन. मला वाटलं, सापडला. पण नायक आहे की नाही हे तपासायची माझी एक रीत होती. मी वामनरावाला म्हटलं, “इचारा त्याले, कोणाच्या घरी नवराबायकोचं भांडण झालं तं हा जाऊन मधात बसते काय?”

वामनराव इंग्रजीत बोलला, तिथल्या बाबूनं ते चेकमध्ये सांगितलं, साहेब हसला आणि उत्तर उलट्या वाटेनं परत आलं. “तो म्हणते, हे माह्या खात्यात येत नाही.”

“मंग हा नायक नाही. चला.”

दुसरा दाखवला तो त्यांच्या मंडळाचा कोणी सचिव. त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, असं भांडण झालं तर आम्ही सभा घेऊ आणि ठराव करू. मी म्हटलं, ठराव होईपर्यंत बायको माहेरी जाईल. हाही नाही. मग एका पोलिसाला विचारलं, तर त्यानं माझेच कागद मागितले.

आमच्या इमारतीत तळमजल्याला एक म्हातारी राहायची. जिना झाडायची, दिवे लावायची, सगळ्यांच्या किल्ल्या तिच्याजवळ. एका फळीवर खिळे ठोकून किल्ल्या लटकवलेल्या, कोण आलं, कोण नाही, ते ती फळीकडं पाहून सांगायची. नाव झेलेंकोवा. आम्ही दोघं झेलनबाई म्हणायचो. कंबरेत वाकलेली, उंची माझ्या खिशाएवढी, आवाज मात्र चौथ्या मजल्यापर्यंत. माझी किल्ली तिच्या फळीवर पहिल्या दिवसापासून तशीच लटकत होती, कारण किल्ली घेतली म्हणजे बिऱ्हाड केलं असं झालं असतं. रोज मी जाता-येता ती त्या किल्लीकडं बोट दाखवायची. रोज मी मान हलवायचो. गाठोडं असल्यामुळं मान पुरती हलतही नसे.

तिला नायक म्हणून पाहायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. हातात झाडू असलेला नायक मी पाहिला नव्हता. पण आता आठवतं. चौथ्या मजल्यावर एक जोडपं भांडायचं. भांडी फुटायला लागली की झेलनबाई झाडू घेऊन वर चढायची आणि दोघांच्या मधे खुर्ची टाकून बसायची. बोलायची नाही. नुसती बसायची. थोड्या वेळानं तिघांचं हसणं ऐकू यायचं. कोणाच्या गावाकडून बटाट्याचं पोतं आलं तर आधी तिच्या दारात उतरायचं, आणि ती ते घराघरांत वाटून द्यायची. स्वतःला शेवटी उरलेले घ्यायची, ते बारके.

तर सव्विसावा दिवस. रविवार होता. मी विचार केला, वाटसरू जिथं उतरतात तिथं वाटसरूंचा नायक असणार. म्हणून मी स्टेशनावर गेलो.

“नायक पाहाले?” पूनमसिंग म्हणाला.

“मग काय पाहाले?”

धनीबाईनं दातानं दोरा तोडला.

फलाटावर व्हिएन्नाची गाडी लागलेली होती. त्या गाडीनं माणूस व्हिएन्नाला जातो, तिथून बंदराला, तिथून बोटीनं मुंबईला. हे मला माहीत होतं, कारण येताना आम्ही त्याच वाटेनं आलो होतो. मी गाडीच्या दाराशी उभा राहिलो. गाडीच्या आत गरम होतं, डब्यातून वाफ येत होती. एक बाई लेकराला सफरचंद कापून देत होती. मी म्हटलं, जरा पायरीवर पाय ठेवून आत पाहू, नायक आतही असू शकतो.

“देवसिंग!”

वामनराव धावत आला. गळ्यात मफलर उलटसुलट, एका पायात बूट, दुसऱ्या पायात चप्पल. हा माणूस राळेगावात धोतराची निरीसुद्धा वाकडी होऊ देत नसे.

“कुठी जाऊन राह्यला बे?”

“कुठीच नाही. नायक पाहून राह्यलो.”

“अन् हातात पासपोर्ट कायले?”

“ओळख लागली तं असावा जवळ.”

“माह्याशी खोटं बोलू नोको.” त्याचा आवाज फाटला. “तू चढला तं धनी गेली. गुलाबसिंग नायक शब्द फिरवणारा माणूस नव्हे. अन् तुले धनीचं नसंन वाटत तं माह्यं वाटू दे. मी एकटा कोणाशी बोलू इथं? सकाळी उठून ‘काहून बे’ म्हणाले तरी कोणी लागते ना माणसाले!”

मी पायरीवरून पाय काढला नाही, पण दुसराही उचलला नाही. तेवढ्यात किल्ल्यांचा खुळखुळाट ऐकू आला. पाहतो तर झेलनबाई. घरातल्या कापडी सपातांनी बर्फातून चालत आलेली, अंगावर जिना झाडताना बांधायची तोच निळा फडका, कंबरेला किल्ल्यांचा घोस. वामनराव तिला घेऊन आला असेल असं मला वाटलं. पण तोही तोंड उघडं टाकून पाहत होता. नंतर कळलं, तिनं सकाळी खिडकीतून मला स्टेशनाकडं वळताना पाहिलं होतं. ती फळीकडं न पाहताही ओळखायची, कोण जातं आहे आणि कुठं.

ती आली ती सरळ माझ्यासमोर. धाप लागलेली. पदराखालून, म्हणजे त्या फडक्याखालून, तिनं एक छोटी पुरचुंडी काढली. आत काळ्या पावाचा एक तुकडा आणि कागदात चिमूटभर मीठ. तिनं पाव मोडला, मिठात टेकवला आणि हात उंच करून माझ्या तोंडाशी धरला. पोचेना. मी गुडघे वाकवले.

मी ते खाल्लं.

आता तुम्हाला सांगतो. आमच्या आज्या-पणज्यांनी शंभर शंभर बैलांवर मिठाच्या गोण्या लादून समुद्रापासून वऱ्हाडापर्यंत आणल्या. माझ्या आज्याच्या पाठीवर त्या गोणीचा वळ मरेपर्यंत होता. तांड्याच्या माणसाला दुसरं काही नाही कळलं तरी मीठ कळतं. अठरा दिवसांच्या समुद्रापलीकडचं, बर्फातलं, परक्या म्हातारीच्या हातचं ते मीठ, आणि चव तीच. तसूभर फरक नाही. मी वामनरावाकडं पाहिलं. तो म्हणाला, “कोणी नवं माणूस राहाले आलं की इथं असं देतात म्हणे. हिले पहिल्याच दिवशी द्याचं होतं. पण तू किल्लीच घेत नोयता.”

मी अजून वाकलेलाच होतो. झेलनबाईनं दोन्ही हात वर केले आणि माझ्या डोक्यावरचं गाठोडं उतरवलं. लय जड होतं, पण तिनं एका दमात उतरवलं आणि फलाटावर ठेवलं. भुईवर. कबुतरं उडाली आणि स्टेशनाच्या छपराला जाऊन बसली. माझी मान एवढी हलकी झाली की मला वाटलं मीपण उडतो. मग तिनं फळीवरून काढून घोसात अडकवलेली माझी किल्ली सोडवली, माझ्या हातात दिली आणि माझी मूठ तिच्या दोन्ही हातांनी बंद केली. हात तिचे बर्फासारखे थंड होते.

गाडीनं शिटी दिली. गाडी गेली. आम्ही तिघं फलाटावर.

परत जाताना गाठोड्याची एक बाजू मी धरली, एक वामनरावानं, आणि झेलनबाई पुढं पुढं, आम्हा दोघांवर ओरडत, बहुतेक वामनरावाच्या चपलेवरून. खोलीत गेल्यावर मी गाठोडं सोडलं. याडीची गोधडी पलंगावर टाकली. तवा त्या शेगडीवर ठेवून भाकरी केली. भाकरी काही जमली नाही, पण चौथ्या मजल्यावरचं जोडपं वासावर खाली आलं, त्यांनी खाल्ली, तिखटानं रडले, आणि त्या रात्री भांडले नाहीत.

मग वर्षभर राहिलो. पुढं इंजिनही हळूहळू माझ्याशी गोरबोलीत बोलायला लागलं, त्याला शिकवावं लागलं थोडं. वर्ष भरून एक दिवस वर झाला तेव्हा निघालो. आलो तो सरळ गुलाबसिंग नायकाच्या ओसरीत, पाया पडलो आणि म्हटलं, नायका, तुमचे दोन्ही हुकूम पाळले. अर्ध्यातून परतलो नाही आणि नायकाच्या शब्दाबिगर ओझं टेकवलं नाही. नायकाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, असा जावई...

“खोटं!”

धनीबाईनं कांचळी मांडीवर आपटली. पूनमसिंग दचकला. आरशांवरचं ऊन छपराला लागलं आणि हललं.

“सारं खोटं! माह्या बापानं एकच गोष्ट सांगतली होती, अर्ध्यातून परतू नोको म्हणून. मी दाराच्या आड उभी होती, माह्या कानानं आयकलं. ओझं टेकवू नोको हे तो कधी बोललाच नाही. असा कायदा कोणत्याच तांड्यात नाही! गाठोडं सोडलं असतं तं तुमाले तिथं राहाच लागलं असतं, म्हणून तुम्ही थे सोडून नोयते राह्यले. सव्वीस दिवस घरी याची तयारी करून बसले होते तुम्ही, अन् इतके वर्ष झाले, नाव माह्या बापाचं घेऊन राह्यले!”